चूक कबूल केली तर टीमवरचा वचक जातो का?

नाही जात. उलट चूक लपवणाऱ्या मॅनेजरचंच हसं होतं, कारण ती सगळ्यांना आधीच कळलेली असते. "तारीख मी चुकीची दिली, आता निस्तरायचंही मीच बघतो" एवढं पुरतं. मात्र मोकळेपणा म्हणजे मनात येईल ते ओकणं नव्हे. स्वतःची घबराट टीमवर ओतली की लोक काम सोडून तुम्हालाच सांभाळत बसतात. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा तिच्यात भावना ओळखण्याबरोबर त्या हाताळणंही होतं. (हे दुसरं बरेच जण सोयीस्कर विसरतात.) राग आलाय हे कळलं तर ईमेल लिहा, पण पाठवू नका. तासाभराने वाचा, बहुतेकदा निम्मा खोडाल.