स्टेप्स सुचतात, पण नाच बसत नाही

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचे नाच दोन वर्षं मीच बसवते. स्टेप्स पटापट सुचतात, सगळे वाहवा करतात. यंदाच्या स्पर्धेत मात्र परीक्षक म्हणाले, "स्टेप्स छान, पण कोरिओग्राफी कुठे आहे?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मला नृत्यदिग्दर्शकच व्हायचंय. रंगमंचाकडे जाऊ की सिनेमाकडे? शास्त्रीय नृत्य शिकलेली नाही, चालेल का? घरचे म्हणतात, यात पोट भरत नाही.

उत्तर : परीक्षकांचं बोलणं तुला लागलं, हे बरंच झालं. नुसत्या वाहवेवर तू आणखी दोन वर्षं काढली असतीस.

आपण नाच 'बसवला' म्हणतो ना, त्या शब्दातच बरंच आहे. नाच आधी मोजणीत बसवायचा, मग जागेत, मग नाचणाऱ्याच्या अंगात, आणि शेवटी बघणाऱ्याच्या नजरेत. तुझं पहिलं जमलंय. परीक्षक बोलत होते ते शेवटच्याबद्दल, असा माझा अंदाज आहे.

मी स्वतः नाचणारा नाही, पण या कामामुळे तालमी पुष्कळ बघितल्यात. अशाच एका तालमीत बारा मुलं-मुली एकसारख्या स्टेप्स करत होती. चुका शून्य, आणि तरी पाच मिनिटांत माझं लक्ष खिडकीबाहेर. नृत्यदिग्दर्शिकेने एवढाच बदल केला : उजव्या विंगेजवळच्या मुलीला सांगितलं, (आठ मोजण्यांच्या एका तुकड्याला 'आठ' म्हणतात) "चौथ्या आठात तू थांब. नुसती उभी राहा. पाचव्या आठाच्या पाचवर मान मागे वळव." नवीन स्टेप एकही नाही. पुन्हा गाणं लागलं आणि आम्ही सगळे त्या थांबलेल्या मुलीकडे बघायला लागलो. तिने मान वळवली तशी आमची नजरही मागे गेली, आणि तिथून दुसरी मुलगी नेमकी पुढे यायला लागली होती. परीक्षक शोधत होते ते हेच असणार.

रंगमंचावर प्रेक्षक कुठेही बघायला मोकळा असतो. त्याची नजर तुला न सांगता न्यायची असते. गर्दीतला एक स्थिर माणूस, मागच्या कोपऱ्यातून तिरकं पुढे येणं, बाजूने पडलेला प्रकाश, रिकामी ठेवलेली जागा, ही तुझी हत्यारं. (नवशिके रिकाम्या जागेला फार घाबरतात. स्टेज भरून टाकतात आणि मग कुणीच दिसत नाही.)

सिनेमात नजर कॅमेऱ्याच्या हातात. तिथेही दोन टोकं आहेत. हॉलिवूडचे नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि शॉट शक्यतो तुटू नये. त्याच १९३०च्या दशकात तिथलेच नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कले यांनी कॅमेरा उंच चढवला आणि वरून बघून नर्तिकांची फुलं, चक्रं उमलवली. ती रचना थिएटरातल्या खुर्चीवरून दिसलीच नसती. दोघांत बरोबर कोण, असं विचारू नकोस. तुझ्या गाण्याला कोणती नजर हवी, ते ठरव.

सेटवरचं तंत्र बाहेरून कळत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. गाण्यात पदर, केस, उडी हळुवार तरंगतात आणि ओठ मात्र शब्दांशी जुळतात, हे तू पाहिलं असशील. कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम्सने (म्हणजे ४८ चित्रं टिपत) चालवतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. नायिका त्या चिरक्या आवाजावर दुप्पट वेगाने नाचते, ओठ हलवते. पडद्यावर ते नेहमीच्या २४ फ्रेम्सने दिसतं तेव्हा गाणं मूळ लयीत येतं आणि शरीर तरंगतं. म्हणजे तुला सुचलेली गिरकी दुप्पट वेगात माणसाला झेपते का, हे आधी बघायचं. जमिनीवर सुंदर दिसणाऱ्या किती स्टेप्स इथे बाद होतात!

आता शास्त्रीयबद्दल. बर्कले यांनी नृत्याचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांच्या कवायती बसवत. तेव्हा शास्त्रीयशिवाय दार बंद, असं नाही. तरीही तू एक शैली धरावीस असं मला वाटतं. कुठलीही धर, पण तीन-चार वर्षं सोडू नकोस. सर्टिफिकेटसाठी नव्हे. तुला स्टेप्स पटापट सुचतात, हीच खरी अडचण आहे. पटकन सुचतं ते बहुतेक वेळा अंगाला लागलेल्या सवयीतून येतं, स्वतःच्या किंवा कालच पाहिलेल्या गाण्याच्या. ही सवय मोडायला मोठ्या लोकांनी काय काय केलंय! अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम नाणी उडवून हालचालींचा क्रम ठरवत. संगीत आणि नाच वेगवेगळे तयार करत. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश नर्तकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्या उत्तरांतून नाच घडवत. नवी शैली शिकणं हाही सवय मोडण्याचाच मार्ग, त्यातल्या त्यात सरळ.

रंगमंच की सिनेमा? आधी रंगमंच. तिथे आरंभापासून शेवटापर्यंत पूर्ण रचना तुझ्या हातात राहते, आणि फसली तर त्याच संध्याकाळी कळतं. सिनेमात शिरायचं ते सहायक म्हणून. सहायक मोजणी धरतो, नर्तकांच्या जागा लक्षात ठेवतो, मागच्या शॉटच्या शेवटी उजवा हात वर होता की डावा, हे त्याला झोपेतही सांगता यावं लागतं. सरोज खान लहानपणीच सिनेमात आल्या, मागे नाचणाऱ्यांत उभ्या राहिल्या, नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या सहायक झाल्या. १९७४ मध्ये स्वतंत्र काम मिळालं आणि घराघरांत नाव पोचलं ते १९८७-८८ मध्ये. मधली वर्षं मोजून बघ आणि घरच्यांनाही दाखव.

घरचे चुकीचं बोलत नाहीत. काम सलग मिळत नाही, पैसे उशिरा येतात. पदवी पूर्ण कर, शिकवण्या घे. बहुतेकांचं घर त्यावरच चालतं. पण "चार वर्षांत जमलं नाही तर सोडेन" असलं वचन कुणाला देऊ नकोस. वर्षाला दोन रचना लोकांसमोर आणीन, एवढं सांग.

या महिन्यात एक कर. तीन मैत्रिणी, चार आठ म्हणजे बत्तीस मोजण्या, आणि एकही स्टेप नाही. फक्त चालणं, थांबणं, वळणं, बसणं. बघणाऱ्याला शेवटच्या आठात कुणाकडे बघायला लावायचं, ते आधी वहीत लिही. मग नाच माहीत नसलेल्या कुणालातरी दाखव आणि विचार, "शेवटी कुणाकडे बघत होतात?" वहीतलं नाव आलं नाही तर बदल कर, पुन्हा दाखव.

ते जमलं की तोच तुकडा फोनवर तीन शॉट्समध्ये घे. प्रत्येक नवा शॉट मागचा संपतो त्याच्या चार मोजण्या आधीपासून सुरू कर, म्हणजे कट कुठे घ्यायचा ते नंतर निवडता येईल. जोडून बघ. कुठे हात चुकलाय, कुठे मान, ते तुझं तुलाच दिसेल. तेवढा शॉट पुन्हा घे.