बाळ झाल्यावर कॉलेजच्या मुलामुलींमधली ख्रिस्ती सेवा सोडावी का? दोन्ही कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवराबायको दोघंही विद्यार्थ्यांमध्ये पूर्णवेळ सेवा करता. बाळ पाच महिन्यांचं आहे, सासूबाई म्हणतात ‘आता मूल हीच तुझी सेवा’, आणि शुक्रवारी शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, घरातून निघताना चोरी करून निघाल्यासारखं वाटतं. हे शेवटचं वाचलं आणि मला झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. मी तुमच्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे, तेव्हा पुढे ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.

उत्तर आधीच देऊन टाकते. सोडू नकोस, कमी कर. आणि हाच प्रश्न तुझ्या नवऱ्याला आजवर कोणी विचारलाय का, तेवढं मला कळव.

मी मूळची नगरची. हिवाळे सरांनी १९४७ मध्ये उभ्या केलेल्या अहमदनगर कॉलेजात शिकले. दुसऱ्या वर्षाला असताना एका ताईंच्या खोलीवर आम्ही चौघीजणी वचन वाचायला जमायचो. त्या खोलीतच मला माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कळलं. लग्न झालं तेही अशाच सेवेतल्या माणसाशी. पुण्यात खडकीला दोन खोल्या घेतल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी मुली घरी येऊ लागल्या. नर्सिंगच्या, डी.एड.च्या, इंजिनिअरिंगच्या. होस्टेलवर प्रार्थनेची परवानगी मिळत नसे आणि मागायला जाणंही बरं दिसत नसे. जिला यायचं ती आपल्या पायांनी यायची. एका वेळी अकरा मुली झाल्या होत्या. २००७ मध्ये मोठी मुलगी जन्मली तेव्हा झोळीला झोका देत देत अभ्यास घेतला. तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण तो माझ्या घरात होता.

बोलणं झालं ते २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत. पाचगणीला शिबिर होतं, सत्तरेक मुलंमुली. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर सकाळचे तीन अभ्यास माझ्याकडे होते. जूनपासून वही भरत होते. मुलं निजल्यावर, भाजी निवडताना, बाळाला पाजताना, मिळेल तेव्हा. मोठीला नगरला आईकडे ठेवलं. धाकटा सात महिन्यांचा, अंगावर पिणारा, त्याला बरोबर नेलं.

पहिल्या सकाळी दहाच मिनिटं बोलले असेन. बाळ रडायला लागलं. समितीतले एक ज्येष्ठ काका पुढे आले आणि अगदी हळू, प्रेमाने म्हणाले, “बाळाची आबाळ नको. तू खोलीत बस, अभ्यास दादा घेईल.” मुलंमुली आमच्या मिस्टरांना दादा म्हणतात. हे उठले. माझी वही ह्यांच्या हातात गेली. मी बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत जाऊन बसले. मधली भिंत प्लायवूडची होती, सगळं ऐकू येत होतं. माझीच वाक्यं, ह्यांच्या आवाजात. रूथची सासू नामी, नवरा आणि मुलगे गमावून बेथलेहेमात परत येते आणि बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, ‘मारा’ म्हणा, म्हणजे कडू. त्या कडवटपणावर मी दोन पानं लिहिली होती. ह्यांनी ती दोन वाक्यांत उरकली आणि पुढे गेले. ह्यांचा दोष म्हणून सांगत नाहीये, बाईच्या तोंडचं ते दुःख ह्यांना तिथे दिसलंच नाही.

दुसऱ्या सकाळीही मी खोलीतच होते. मनाला समजावत होते की नम्र राहणं हीही सेवाच आहे.

त्या रात्री दोनच्या सुमाराला बाळ उठलं. पाचगणीची थंडी तुला माहीत असेलच. शाल पांघरून त्याला पाजत बसले होते तर दारावर टकटक झाली. बीडकडची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची, शुक्रवारी सगळ्यात आधी येणारी. तिला झोप येत नव्हती. घरी स्थळ आलं होतं, मुलगा सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेणारा, वडलांना दिवाळीतच होकार कळवायचा होता. ती माझ्या पायाशी गोधडीत बसली आणि म्हणाली, “ताई, तुमच्याकडे बघून मला वाटायचं, लग्न झालं तरी आपल्याला हे करता येतं. तुम्ही तर दोन दिवस बोललाच नाहीत. मग मी घरी काय सांगू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही प्रार्थना केली, ती गेली, मी पहाटेपर्यंत जागी होते. दोन दिवस मी समजत होते की मी आज्ञेत आहे. त्या मुली मात्र रूथ वाचत नव्हत्या, मला वाचत होत्या. अठरा-वीस वर्षांच्या मुलीला तू काय शिकवतेस हे ती चार वर्षांत विसरते. तू कशी जगतेस ते विसरत नाही.

पाच वाजता पुरुषांच्या बाजूला जाऊन ह्यांना हाक मारली. पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, “आज बाळ तुम्ही घ्या, वही मला द्या.” हे गप्प. मग म्हणाले, “काकांना काय सांगू?” मी म्हटलं, “काही सांगू नका. बाळ घ्या.” ह्यांनी घेतलं. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्यांचे आजही आभार मानते.

तिसऱ्या दिवशी चौथा अध्याय होता. अर्ध्या तासाने बाळ ह्यांच्याकडे राहीना, तेव्हा हे त्याला आत घेऊन आले. मी ओढणी घेतली, खुर्चीवर बसून त्याला पाजलं आणि बोलत राहिले. नामी रूथचं मूल उराशी धरते आणि शेजारणी मिळून त्याचं नाव ओबेद ठेवतात, त्या ओव्यांवर आम्ही होतो. कोणी हसलं नाही. एका मुलाने उठून माझ्या मागची खिडकी लावली, गार वारा येत होता म्हणून. काका मधूनच उठून बाहेर गेले.

जानेवारीत कागद आला. आईची जबाबदारी लक्षात घेऊन यापुढे दांपत्याचं मानधन एकत्रित धरण्यात येईल, असं त्यात होतं. म्हणजे ह्यांचं चालू, माझे महिन्याचे साडेचार हजार बंद. काम तेवढंच राहिलं. शुक्रवार तोच, मुली त्याच, चहा-खिचडी माझ्याच घरची. आम्ही सेवक लोक पैशांबद्दल बोलायला लाजतो, म्हणून मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते. ते चुकीचं होतं.

काका त्या शिबिरात मला म्हणाले होते, “हन्नाने मूल प्रभूला दिलं, तू सेवेला मूल द्यायच्या ऐवजी मुलाला सेवेत आणलंस.” तेव्हा मी निरुत्तर झाले. नंतर घरी येऊन बायबलमधलं पहिलं शमुवेल, हन्नाची गोष्ट आहे ते पुस्तक, नीट वाचलं. मूल झाल्यावर हन्ना लगेच मंदिरात वर गेलीच नाही. नवरा एलकाना दरवर्षीप्रमाणे निघाला तेव्हा तिने सांगितलं की दूध तुटेपर्यंत मी येणार नाही. एलकानाने सांगितलं, तुला बरं वाटेल ते कर. ठरवलं तिने, मान्य केलं त्याने, मंदिरातल्या याजकाला, एलीला, कोणी विचारलंही नाही. आणि मूल दिल्यावरही ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत होती. म्हणजे दर वर्षी तिला त्याची उंची माहीत होती. आणि त्याच पुस्तकात एली आहे. जन्मभर मंदिरात सेवा केली आणि मुलं वाया गेली, त्याबद्दल देवाने त्याला जाब विचारला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्यायही काढून बघ. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळेल, हा प्रश्न तिथे पुरुषांना विचारलाय. इतकी वर्षं सभांना बसले, ह्या ओवीवर कुठल्या तरुण बापाला कोणी बाजूला घेऊन बोलल्याचं मी पाहिलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही उदाहरण देतात, की बाईंनी सगळं सोडलं. काय सोडलं? १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा त्यांच्याबरोबर होती. बाई चेल्टनहॅमला असताना मनो वाँटेजला मठातल्या सिस्टरांकडे राहिली, हे खरं. पण तिला काय शिकवायचं, कसं वाढवायचं, यावर बाई त्याच सिस्टरांशी पत्रांतून हट्टाने भांडत राहिल्या. पोर दूर होती तरी आईपण दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. पुढे हीच मनोरमा आईच्या कामात उभी राहिली. १९२१ मध्ये ती गेली, १९२२ मध्ये बाई गेल्या. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं नगरचं घर? बालकवी ठोंबरे तिथे घरच्या मुलासारखे राहिले. आपल्या माणसांत तरुण पोरांची सेवा स्वयंपाकघरातून फार आधीपासून चाललेली आहे. मूल आलं म्हणून ती बंद करायची, हे कुठून आलं मला कळत नाही.

आता तुझ्या कामाचं. आपली सेवा सेमिस्टरवर चालते, त्याचा फायदा घे. जून-जुलैत नवी मुलं येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात गर्दी असते, परीक्षा जवळ आल्या की कोणी फिरकत नाही. ते महिने बाळाचे धर. अकरा मुली घेऊ नकोस, तीन घे, आणि त्या तिघींना पुढच्या मुली घ्यायला लाव. तू जाऊ नकोस, त्यांना घरी बोलाव, साडेपाचला सुरू आणि सातला संपव. घर बघितल्याशिवाय ह्या मुलींना कळणार नाही की नवरा भांडी घासतो का. नऊनंतर फोन नवऱ्याकडे दे. खरंच अडचण असेल तर तो उठवेल. बाळाला मुलींच्या मांडीवर दे, पण कोणाच्याही भरवशावर एकटं सोडून जाऊ नकोस, कितीही ओळखीची असो. आणि आपल्या मुलांच्या घरातल्या गोष्टी संदेशात, म्हणजे प्रवचनात, उदाहरण म्हणून सांगू नकोस. मी सांगायचे. माझ्या मुलीला ते फार लागलं.

सासूबाईंशी भांडू नकोस. मूल ही सेवा आहे, हे त्या खोटं बोलत नाहीत. एवढंच म्हण की ती सेवा तुमच्या मुलाचीही आहे, आणि शुक्रवारी दोन तास बाळ त्याच्या हातात दे. पहिले तीन शुक्रवार आरडाओरडा होईल, चौथ्याला दोघंही शिकतील.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मी वर लिहिलंय ते सगळं धाकट्याच्या बाजूने लिहिलंय. मोठीला मी कमी पडले. ती चार-पाच वर्षं शुक्रवारी पावणेदहाला जेवायची, कारण मुली गेल्याशिवाय मी ताट वाढत नव्हते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती झाड झाली होती, मी त्या दिवशी एका मुलीला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. ती मुलगी गंभीर नव्हती, दुसरं कोणी जाऊ शकलं असतं. मोठी आता अठराची आहे, स्वतः कॉलेजात आहे. मागच्या वर्षी विचारलं तर म्हणाली, “मला त्या ताया आवडायच्या. पण तू त्यांचं ऐकताना कधी घड्याळ बघायची नाहीस, माझं ऐकताना बघायचीस.” त्यामुळे माझं ऐकून ‘सगळं जमतं’ असं मनात घेऊ नकोस. जमत नाही. कुठेतरी कमी पडतं, आणि ते कुठे पडायचं हे तुला आधी ठरवावं लागतं. आणि बाळ आजारी असेल किंवा तुझं मन बाळंतपणातून अजून सावरलं नसेल, तर माझा एक शब्दही ऐकू नकोस. सरळ सहा महिने थांब. मुली येत राहतील, दर जूनला येतात.

बीडच्या त्या मुलीचं विचारशील. तिने ते स्थळ नाकारलं नाही. लग्नाआधी मुलाला एकच विचारलं, मूल झाल्यावर माझा शुक्रवार कोण सांभाळेल. आता तिला दोन मुलं आहेत आणि मराठवाड्यातल्या एका गावात तिच्या घरी नर्सिंगच्या मुली येतात.

तू आणि तुझा नवरा कुठल्या संघटनेत आहात ते मला माहीत नाही, विचारतही नाही. पण पुढच्या बैठकीआधी एक कागद कर. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत तुझं काम किती, नवऱ्याचं किती, शिबिरात बाळासाठी शेजारची खोली आणि सांभाळायला माणूस कोण, आणि तुझं मानधन वेगळं, तुझ्या नावावर. समितीच्या ज्येष्ठ माणसांसमोर तो वाचायचा, आणि वाचायचा तू, नवऱ्याने नाही. खाली सही दोघांची घे.