वजन उतरता उतरता थांबते तेव्हा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४६ वर्षे आणि उंची १५७ सेंटीमीटर आहे. जानेवारीत माझे वजन ७८ किलो होते. गोड आणि बेकरीचे पदार्थ बंद केले, जेवणातल्या पोळ्या चारावरून दोनवर आणल्या आणि रोज पाऊण तास चालायला सुरुवात केली. पाच महिन्यांत वजन साडेएकोणसत्तर किलोवर आले. त्यानंतर गेले सात आठवडे काटा तिथेच घुटमळतो आहे. खाणे तेच, चालणे तेच. मैत्रिणी म्हणतात, रात्रीचे जेवण सोड. मुलगा म्हणतो, थायरॉइड तपासून घे. गुरुवारचा उपवास मी करतेच. माझे नेमके काय चुकते आहे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती अशी, की पाच महिन्यांत तुम्ही साडेआठ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ ११ टक्के वजन उतरवले आहे आणि सात आठवडे ते परत चढू दिलेले नाही. अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी जो मोठा अभ्यास झाला आणि ज्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात सहभागी लोकांपुढे ठेवलेले उद्दिष्ट ७ टक्के वजन कमी करण्याचे होते आणि तेवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. तुम्ही ते उद्दिष्ट केव्हाच ओलांडले आहे.

आता ‘खाणे तेच, चालणे तेच’ या तुमच्या वाक्याकडे वळू, कारण उत्तराचा मोठा भाग त्यातच आहे. ७८ किलोच्या शरीराला दिवसभर चालते ठेवायला जेवढी ऊर्जा लागत होती, तेवढी साडेएकोणसत्तर किलोच्या शरीराला लागत नाही. विश्रांतीत होणारा खर्च घटतो, आणि त्याच पाऊण तासाच्या चालण्यात उचलून न्यायचे वजनच कमी झाल्यामुळे तोही खर्च घटतो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, असे केव्हिन हॉल या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडले. तुमच्या बाबतीत हा फरक रोज सुमारे २०० कॅलरींचा होतो. म्हणजे जानेवारीत जे जेवण वजन उतरवणारे होते, तेच जेवण आज वजन टिकवणारे झाले आहे. तुमचे काही चुकले म्हणून काटा थांबलेला नाही. जुन्या हिशोबातून जेवढे मिळायचे तेवढे मिळून झाले आहे.

याच संशोधकांनी दुसरी एक गोष्ट दाखवली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. खर्च घटतो तो किलोमागे २०-३० कॅलरींनी, पण भूक वाढते ती किलोमागे सुमारे १०० कॅलरींनी. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, पोटातून येणारे ग्रेलिन वाढते, आणि हा बदल चार दिवसांत निवळत नाही. वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही तो टिकून असल्याचे २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात आढळले. म्हणून पहिल्या महिन्यात दोन पोळ्यांवर सहज उठणाऱ्या माणसाला सहाव्या महिन्यात त्याच दोन पोळ्या अपुऱ्या वाटतात. त्यात मनाचा दुबळेपणा शोधण्याचे कारण नाही. मात्र हात नकळत डब्याकडे जातो, हे खरे.

या नकळत जाणाऱ्या हाताबद्दल थोडे स्पष्ट लिहिते, पण असे समजू नका की मी तुमच्यावर शंका घेते आहे. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांची न्यूयॉर्कमध्ये काटेकोर तपासणी झाली होती, ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे चयापचय व्यवस्थित होते; परंतु ते सांगत त्याहून त्यांचे खाणे बरेच जास्त निघाले आणि व्यायाम बराच कमी. ते खोटे बोलत होते असे नव्हे. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, वाया जाऊ नये म्हणून संपवलेला भात, चहाबरोबर तोंडात टाकलेला मूठभर चिवडा या गोष्टी जेवणात मोजायच्या असतात हेच आपल्या लक्षात येत नाही, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला त्या सर्वांत जास्त येतात. तेव्हा एक आठवडा, फक्त एकच आठवडा, जे तोंडात जाईल ते खाण्याच्या आधी वहीत लिहा. नंतर लिहू म्हटले की विसरायला होते.

तेलाचा हिशोब मात्र वहीने होत नाही, कारण फोडणीला किती तेल गेले हे पळीला विचारून कळत नाही. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातले सारे तेल मोजून ठेवा आणि महिनाअखेर किती उरले ते पाहा. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी असतात. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटरऐवजी तीन लिटर तेल लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज जवळजवळ ७० कॅलरी कमी येतात, आणि कोणाच्या ताटातला एकही घास कमी करावा लागत नाही. भाजीत आणि कोशिंबिरीत पडणाऱ्या दाण्याच्या कुटालाही हेच लागू आहे. शेंगदाणे पौष्टिक आहेत यात वाद नाही, पण २५ ग्रॅम कुटात १४० कॅलरी असतात.

यावरून गुरुवार आठवला. ५० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरले तर खिचडीची एक बशी ४०० कॅलरींच्या घरात जाते आणि तीत प्रथिने असतात ती कुटापुरतीच. दुपारी खिचडी, संध्याकाळी बटाट्याचा कीस किंवा वेफर्स असा उपवास असेल, तर आठवड्यातला सर्वांत जड दिवस बहुधा तोच असेल. उपवास मोडा असे मी म्हणणार नाही; दही, ताक, फळे, थोडी वरीची भगर आणि दाण्याची पातळ आमटी यांवरही तो उत्तम होतो.

रात्रीचे जेवण सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. रात्रीच्या अन्नाचीच चरबी होते असा काही नियम नाही. शिवाय आपल्याकडे सगळे घर एकत्र बसते ते बहुधा त्याच जेवणाला. ते सोडणारा माणूस दहा वाजता फरसाणाचा डबा उघडतो, हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मीच आधी विचारते. जिरे-पाणी, लिंबू-मध यांबद्दलही पत्रे येत असतात. त्यांनी अडलेले वजन हलत नाही, मधाच्या कॅलरी तेवढ्या वाढतात.

थायरॉइडबद्दल तुमच्या मुलाची काळजी रास्त आहे. परंतु थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारे वजन बहुधा काही किलोंपुरतेच असते आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. ज्या शरीराने नुकतेच साडेआठ किलो उतरवले, तिथे पहिला संशय त्यावर जात नाही. सतत थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, केस गळणे किंवा पाळीत जास्त रक्तस्राव यांपैकी काही असेल तर टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी अवश्य करा.

पाळीचा आणखी एक संबंध आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून काटा एक-दोन किलोंनी सहज वर जातो, आणि चाळिशीच्या उत्तरार्धात पाळीचे चक्र अनियमित झाले की हा चढउतार ओळखणे कठीण जाते. म्हणून आजच्या वजनाची तुलना कालच्याशी करू नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी ती ताडून पाहा. सलग चार आठवडे सरासरी हलली नाही, तरच वजन अडले असे म्हणावे. तुमचे बहुधा खरोखरच अडले आहे.

पुढे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. पहिला म्हणजे दोन-तीन महिने याच वजनावर थांबणे. भूक, झोप, कंटाळा यांची घडी बसते आणि नंतर पुन्हा सुरुवात करता येते. दुसरा म्हणजे रोजच्या हिशोबात १५० ते २५० कॅलरींचा फरक आणखी पाडणे. तेल, कूट आणि चहातली साखर यांतून त्यातला बराचसा निघेल. एकूण आहार १,२०० कॅलरींच्या खाली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नेऊ नये. प्रत्येक जेवणात उसळ, वरण, दही, पनीर, अंडे किंवा मासे यांपैकी एक काहीतरी भरपूर असू द्या, आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम सुरू करा. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. नुसत्या चालण्याने ते परत येत नाहीत. तुम्ही थकल्यासारख्या वाटत असाल, तर मी पहिला मार्ग सुचवीन.

प्रश्न : माझे वय ३३ आहे. दोन महिन्यांपासून जिममध्ये वजने उचलतो आणि रात्रीचे बाहेरचे खाणे बंद केले आहे. वजन ८४ किलो होते, आजही ८४ आहे. कंबर मात्र ९८ सेंटीमीटरवरून ९३ झाली. प्रशिक्षक चरबी जाळणाऱ्या गोळ्या घ्यायला सांगतात. घ्याव्यात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नयेत. तुमचे वजन अडलेले नाही. काटा जे दाखवू शकत नाही ते तुमची पॅन्ट दाखवते आहे. नव्याने वजने उचलू लागलेल्या स्नायूंत सुरुवातीला पाणी धरून राहते, थोडे स्नायूही वाढतात, आणि तेवढ्याच वजनाची चरबी गेली तर काटा जागचा हलत नाही.

भारतीय माणसाने काट्यापेक्षा कंबरेवर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे पुरुषांसाठी कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रियांसाठी ८० च्या आत असावी असे धरतात, ते अशाच कारणांनी. मोजताना टेप पॅन्टच्या पट्ट्यावर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा. तुम्हाला आणखी तीन सेंटीमीटर उतरवायचे आहेत. आहे तेच चालू ठेवा.

प्रश्न : माझे वय ५४ असून आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गेले वर्षभर सेमाग्लुटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन घेतो. वजन १०४ वरून ९० किलोवर आले, पण तीन महिने झाले, पुढे हलत नाही आणि भूकही थोडी परत आली आहे. शरीर इंजेक्शनला सरावले असेल, तर एवढा खर्च कशाला चालू ठेवायचा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : इंजेक्शन घेणाऱ्यांचेही वजन एका टप्प्यावर थांबते. औषध भूक दाबून धरते, म्हणून हा टप्पा खालच्या वजनावर आणि उशिरा येतो, इतकेच. जुन्या वजनाकडे असलेली शरीराची ओढ संपत नाही. मधुमेह नसलेल्या लोकांवर झालेल्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले आणि उतरण्याचा वेग साठाव्या आठवड्याच्या सुमारास संपला. मधुमेह असलेल्यांच्या स्वतंत्र चाचणीत ही सरासरी ९.६ टक्केच होती. तुमचे १३ टक्क्यांहून अधिक उतरले आहे.

औषधाचा परिणाम संपला, हा तुमचा निष्कर्ष म्हणून बरोबर नाही. वजन ९० वर थोपवून धरण्याचे काम ते आजही करते आहे. पहिल्या चाचणीतल्या काही लोकांचे औषध थांबवून पुढे वर्षभर पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले होते. खर्च झेपत नसेल तर ते कारण पुरेसे आणि मान्य आहे. मात्र मग पुढचा बेत आधी ठरवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे.

तुमच्या पत्रातला दुसरा शब्द मला अधिक खटकला, तो म्हणजे ग्लिमेपिराइड. मधुमेहाची ही गोळी सल्फोनिलयुरिया गटातली आहे आणि या गटातली औषधे स्वतःच थोडे वजन वाढवतात. शिवाय १०४ किलोला जी मात्रा योग्य होती ती ९० किलोला, इंजेक्शनच्या जोडीने, जास्त होऊ शकते. मात्रा जास्त झाली की साखर उतरते, घाम येतो, हातपाय थरथरतात आणि माणूस बिस्किटांचा पुडा संपवतो. तुमची ‘परत आलेली भूक’ दुपारी चारच्या सुमारास किंवा जेवायला उशीर झाल्यावर अचानक लागत असेल, तर त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि आकडा लिहून ठेवा. ती ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. गोळी स्वतःहून बंद करू नका. भेटीला जाताना या नोंदी, गेल्या तीन महिन्यांचे वजन आणि तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या; रक्तदाबाच्या, सांधेदुखीच्या किंवा झोपेच्या गोळ्याही त्या यादीत लिहा, कारण त्यांतल्या काही वजनावर परिणाम करतात आणि त्या दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेल्या असतात.