राजपत्र, दर्शनिका की नुसतेच गॅझेटिअर?

प्रश्न असा आहे: जे. जी. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ‘गॅझेटिअर ऑफ द पर्शियन गल्फ, ओमान अँड सेंट्रल अरेबिया’ या ग्रंथाचा उल्लेख एका मराठी लेखात ‘इराणी आखाताचे राजपत्र’ असा आला आहे. तो बरोबर आहे का?

नाही. राजपत्र म्हणजे गॅझेट. सरकारच्या अधिसूचना, नेमणुका, नावबदल त्यात छापतात आणि ते सगळ्यांना कळावे म्हणूनच निघते. लॉरिमरचा ग्रंथ याच्या नेमका उलट. हिंदुस्थान सरकारने तो आपल्या अधिकाऱ्यांपुरता कलकत्त्यात छापला आणि १९५५ पर्यंत गोपनीय ठेवला. जे लपवून ठेवले त्याला राजपत्र कसे म्हणायचे?

गॅझेट आणि गॅझेटिअर या दोन्ही शब्दांचे मूळ मात्र एकच. व्हेनिसमधल्या ‘गझेता’ या किरकोळ नाण्यावरून तिथल्या बातमीपत्राला ते नाव पडले, असे सहसा सांगतात. इंग्रजीत गॅझेटिअर म्हणजे आधी बातमीदार. सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स एकार्डने बातम्यांतली गावे कुठे आहेत हे सांगणारा कोश बातमीदारांच्या नावाने काढला. पुढे माणसाचे नाव पुस्तकाला चिकटले.

मराठीत गॅझेटिअरसाठी ‘दर्शनिका’ रुळला आहे. महाराष्ट्र शासनाचा दर्शनिका विभागच आहे. ‘स्थलकोश’ही चालतो, पण लॉरिमरला तो अर्धाच बसतो. त्याचा १९०८चा भौगोलिक खंड खरोखर स्थलकोश आहे: वर्णानुक्रमे गावे, आणि प्रत्येक गावाखाली घरे किती, टोळी कोणती, विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, खजुराची झाडे, उंट, होड्या. मोत्यांच्या धंद्यावरचे स्वतंत्र परिशिष्ट मात्र दुसऱ्या, ऐतिहासिक खंडात आहे (आपले ‘बसरा मोती’ याच आखातातले, बसरा ही त्यांची पेठ). हा ऐतिहासिक खंड १९१५ साली, लॉरिमरच्या मृत्यूनंतर निघाला, आणि त्याला स्थलकोश म्हणता येत नाही. दोन्ही खंड पोटात घेणारा शब्द दर्शनिकाच.

लिहिताना ग्रंथाचे नाव म्हणून ‘लॉरिमरचे गॅझेटिअर’ तसेच ठेवावे, विशेषनामाचे भाषांतर करू नये. ग्रंथप्रकाराबद्दल बोलताना ‘दर्शनिका’ वापरावा. गॅझेटिअर नपुंसकलिंगी (ते गॅझेटिअर, गॅझेटिअरमध्ये), दर्शनिका स्त्रीलिंगी (ती दर्शनिका, दर्शनिकेत). ‘गॅझेटियर’ असेही लिहितात; एका लेखात एकच रूप ठेवले म्हणजे झाले.

खरा घोळ शेवटचा ‘-इअर’ गळतो तेव्हा होतो. मराठा आरक्षणाच्या बातम्यांत ‘हैदराबाद गॅझेट’ इतक्यांदा छापून आले की ते निजामाचे राजपत्र असावे असे वाचणाऱ्याला वाटते. त्याविषयीच्या शासन निर्णयात शब्द आहे तो गॅझेटिअर.