ट्रायआउटला जाण्याआधी

प्रिय मुली,

फिगर स्केटिंगमध्ये सिंगल्स सोडून पेअर्समध्ये, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीत, यायचं तू ठरवलंस, आता होऊ घातलेल्या जोडीदाराबरोबर ट्रायआउट, म्हणजे चाचणी, आहे. त्या दिवशी ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या, उड्या दाखवायची घाई करू नकोस. आधी त्या मुलाचा हात धरून नुसते क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) मार, दोन्ही दिशांनी, चांगल्या वेगात. दोघांचे गुडघे एकाच वेळी वाकतात का? तू मागे ओढली जातेस का? उड्या पुढे बसवता येतात. गुडघ्यांची लय जुळायला फार वेळ लागतो, काहींची तर जुळतच नाही. लिफ्टसुद्धा, म्हणजे त्याने तुला डोक्यावर उचलणंसुद्धा, याच लयीवर चालते. तो तुला दंडांच्या नव्हे, गुडघ्यांच्या जोरावर उचलतो, आणि त्याचे गुडघे सरळ होतात त्याच क्षणी तुझी उडी निघायला हवी. तू उशीर केलास तर सगळं वजन त्याच्या खांद्यावर येतं.

लिफ्ट आधी जमिनीवर शीक, मॅटवर, बाजूला सांभाळणारी दोन माणसं उभी करून. वर जाण्याआधी उतरायला शीक. वर असताना पोट आणि पाठ ताठ ठेव. खाली बघितलंस की कंबर सैल पडते आणि तोल त्याच्या तळहातावरून सरकतो. बर्फावर त्याला साडेतीन फेऱ्यांपेक्षा जास्त फिरायची परवानगी नाही, म्हणून उतरण्याची जागाही आधीच ठरलेली असावी. काही बिघडलं तर त्याने तुला सोडायचं नाही, स्वतः तुझ्याखाली यायचं. हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलून घ्या. 2004 साली स्केट अमेरिका स्पर्धेत तात्याना तोत्म्यानिना लिफ्टमधून डोक्यावर पडली. 2006 मध्ये त्याच जोडीदाराबरोबर, मॅक्सिम मरीनिनबरोबर, तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

ट्विस्टमध्ये तो तुला वर फेकतो, तू हवेत फिरतेस आणि तो तुला झेलतो. त्यात सगळ्यांची चूक एकच: वर पोहोचण्याआधीच फिरायला लागणं. मग अक्ष कलतो, तू त्याच्या छातीवर आदळतेस आणि गुण जातात. त्याचे हात तुला कमरेत झेलू शकतील इतकी उंची आधी मिळव, डबल स्वच्छ कर, मगच ट्रिपलकडे वळ. थ्रो जंपमध्ये तो फक्त उंची आणि अंतर देतो, उडी तुझीच असते. फेकलं जाण्याची वाट बघत राहिलीस तर कलंडशील. लँडिंगचा धक्का नेहमीच्या उडीपेक्षा मोठा असतो, म्हणून थ्रोची संख्या सरावात मोजून ठेव आणि पाय दुखायला लागला की त्या दिवशी थ्रो बंद.

डेथ स्पायरल, म्हणजे तो मध्ये राहून तुला एका हाताने बर्फालगत स्वतःभोवती फिरवतो तो, सोपा दिसतो, तसा नसतो. त्याच्या ब्लेडचं टोक बर्फात घट्ट, गुडघा वाकलेला, धरलेला हात पूर्ण सरळ. तू एजवर (ब्लेडच्या कडेवर) झोपायचंस, डोकं बर्फाजवळ. कमरेत मोडलीस की एज सुटते.

शेजारी-शेजारी स्पिन करताना अंतर जप. 2007 च्या फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत कॅमल स्पिनमध्ये (एक पाय मागे आडवा उचलून फिरताना) जोडीदाराचं ब्लेड जेसिका दुबेच्या चेहऱ्याला लागलं. फेऱ्या मोठ्याने कुणी मोजायच्या ते ठरवा, आणि जवळ सरकल्यासारखं वाटलं तर स्पिन सोडून दे. काही गुण गेले तरी चालतील.

उड्यांमध्ये दोघांच्या फेऱ्या सारख्या हव्यात, नाहीतर कमी फेऱ्यांचीच उडी धरतात. 2018 मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकला ब्रुनो मासोची साल्को नावाची उडी ट्रिपलऐवजी डबल झाली आणि अल्योना सावचेंकोबरोबर तो शॉर्टनंतर, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागानंतर, चौथा होता. फ्रीमध्ये, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या भागात, 159.31 मिळवून त्यांनी फक्त 0.43 गुणांनी सुवर्ण घेतलं. एक पडला तर 1 गुण जातो, दोघे पडलात तर 2. फ्री स्केट चार मिनिटांचं असतं, दहा सेकंद इकडेतिकडे. दमल्या पायांनी शेवटची लिफ्ट करायची असते, म्हणून सरावात पूर्ण प्रोग्राम न थांबता करत जा.

वयाची धास्ती बाळगू नकोस. सीनियरसाठी आता किमान 17 वर्षं लागतात. डियाना स्टेलाटो-ड्युडेकने 2000 मध्ये सिंगल्सचं ज्युनियर जागतिक रौप्य घेतलं, मग सोळा वर्षं खेळ सोडला आणि 2024 मध्ये माँट्रियलला, चाळिसाव्या वर्षी, पेअर्सची विश्वविजेती झाली.

आणि मुलगा दुसऱ्या देशाचा असेल तर नागरिकत्वाचं आधीच विचार. जागतिक स्पर्धांना एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिंपिकला दोघांचं लागतं. फ्रान्सच्या मासोला जर्मन नागरिकत्व ऑलिंपिकच्या जेमतेम तीन महिने आधी मिळालं. प्रशिक्षक, बर्फाचे तास आणि कोरिओग्राफी यांचा खर्च कोण किती देणार, आणि जोडी मोडली तर काय, हे दोन्ही घरच्यांनी बसून कागदावर लिहून घ्या.