धारेचं पाणी गोडं, मग लोणार खारट का?

प्रश्न : लोणारला धारेचं, म्हणजे सरोवराच्या कडेवरच्या झऱ्याचं, पाणी चाखलं, चांगलं गोडं लागलं. तेच पाणी खाली सरोवरात जातं, जवळपास कुठे समुद्र नाही, तरी सरोवर खारट कसं काय? आणि एवढं गोडं पाणी येत राहिलं तर कधीतरी ते गोडं होईल का? – एक वाचक, अकोला

उत्तर : प्रश्न खूप आवडला, कारण खरी गंमत इथेच आहे. सरोवरात क्षार येतात ते या गोड्या पाण्यातूनच.

आपण ज्याला गोडं पाणी म्हणतो त्यातही थोडे क्षार असतातच, फक्त जिभेला कळत नाहीत. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, त्याने पाणी किंचित आंबट होतं आणि ते खडकातून मुरताना सोडियम, कॅल्शियम असं काय काय विरघळवून आणतं. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तेच हे. नदी हे सगळं पुढे समुद्रात नेऊन टाकते, पण लोणारला चारी बाजूंनी कड, बाहेर जायला ओढा नाही नाला नाही, पाणी जातं ते मुख्यतः वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

आता जरा हिशोब करून बघा. समजा येणाऱ्या पाण्यात लिटरमागे फक्त ०.२ ग्रॅम क्षार आहेत आणि वर्षाला दीड मीटर पाणी उडून जातं आणि तेवढंच नवीन येतं. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला १५०० लिटर, म्हणजे ३०० ग्रॅम क्षार मागे राहिले. हजार वर्षांत ३०० किलो! तळं ५ मीटर खोल असेल तर लिटरला ६० ग्रॅम, आणि समुद्रात असतात साधारण ३५. प्रत्यक्षात थोडं पाणी झिरपतं, काही क्षार तळाशी बसतात, त्यामुळे आकडा इतका सरळ वाढत नाही, पण हजार वर्षं म्हणजे भूगर्भाच्या मानाने काहीच नाही हे लक्षात घ्या.

शिवाय खारटपणा सगळीकडे सारखा नसतो. लोणारचा खडक बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, पाणी आटत जातं तसं कॅल्शियम आधी चुनखडी होऊन तळाला बसतं आणि पाण्यात सोडियम आणि कार्बोनेट उरतं, म्हणून ते नुसतं खारट नाही तर सोड्याचं आहे, पीएच (आंबट-क्षारीपणाचं माप, शुद्ध पाण्याचं ७) १० च्या आसपास. इस्रायल-जॉर्डनमधल्या मृत समुद्राचं उलट, तिथे मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर, लिटरला ३४० ग्रॅमच्या आसपास क्षार, समुद्राच्या जवळजवळ दहापट. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं होतं तेही याच्याशीच जोडलेलं, पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून हे सांगितलं.

ही गोष्ट धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १७१५ सालीच मांडली होती. कॅस्पियन, मृत समुद्र अशी तळी, ज्यात नद्या येतात पण बाहेर एकही जात नाही, ती खारट असतात हे बघून तो म्हणाला की समुद्रही असाच खारट झाला असणार, आणि दर काही शतकांनी तळ्यातलं मीठ मोजलं तर पृथ्वीचं वयही काढता येईल. वयाचा हिशोब काही तसा जमला नाही, पण विचार काय जबरदस्त होता!

मात्र वाट नाही म्हणजे खारटच असंही नाही. आफ्रिकेतल्या चाड सरोवरातून एकही नदी बाहेर जात नाही तरी पाणी बरंचसं गोडं आहे कारण क्षार भूजलाबरोबर जमिनीखालून निघून जातात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. गोडं होऊ शकतं, पण त्यासाठी तळं भरून वाहायला हवं. अमेरिकेत युटामध्ये हिमयुगात बॉनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर होतं, ते काठोकाठ भरून उत्तरेकडे स्नेक नदीत वाहू लागलं तेव्हा पाणी गोडं होतं, मग हवा कोरडी झाली, पाणी आटत गेलं आणि उरलं ते आजचं ग्रेट सॉल्ट लेक. लोणारची कड तळापासून दीडशे मीटरच्या आसपास उंच आणि पाणी जेमतेम काही मीटर, त्यामुळे धार कितीही वाहिली तरी ते गोडं होणार नाही.