डोझर चढण्याआधी

सातारा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

हिमालयात स्कीइंगचे उतार वाढवायचा आराखडा होतोय आणि त्यातली पर्यावरणाची बाजू तुझ्याकडे दिली आहे, हे वाचून फार बरं वाटलं. कमीत कमी नुकसान कसं करायचं, असं तू विचारलंस. माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट धरून बस: उतार डोझरनं सपाट करू देऊ नकोस.

नवा उतार दोन तऱ्हांनी करता येतो. एकात मोठी झाडंझुडपं कापतात, पण जमीन, मुळं, दगड आहेत तसे राहतात. दुसऱ्यात यंत्र लावून उंचवटे खरवडतात आणि खड्डे भरतात. ठेकेदाराला दुसरी तऱ्हा आवडते, कारण त्यात थोड्या बर्फावरही स्की चालते. पण खरवडलेल्या उतारावरची वरची माती जाते, तिच्यातलं बी जातं, आणि तिथं पुन्हा गवत धरायला कित्येक दशकं लागतात. त्या उंचीवर वाढीला मिळतात जेमतेम तीन-चार महिने.

कासचं पठार तू पाहिलं आहेस. जांभ्यावरची माती भाकरीच्या पापुद्र्याएवढी. पावसाळ्यात त्या मातीवरून पाण्याचा पातळ थर सरकत असतो, आणि त्यातच गेंद आणि सीतेची आसवं ही फुलं उभी असतात. तिथून एक गाडी गेली की चाकोरी पडते. पसरून वाहणारं पाणी त्या चाकोरीत शिरतं, धार धरतं, माती घेऊन जातं. पुढच्या वर्षी चाकोरीत नुसता खडक दिसतो आणि दोन्ही बाजूंची ओल आधीच संपलेली असते. गाडीनं चिरडलेली फुलं परत येतात. वळवलेलं पाणी येत नाही. तुमच्याकडच्या बुग्याळांचं, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या गवताळ कुरणांचं, तेच आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, तो उगीच नाही.

म्हणून जिथं खोदणं टळणारच नाही, म्हणजे रोपवेच्या खांबांचे पाये वगैरे, तिथं गवत मुळांसकट मातीच्या जाड चकत्यांनी काढून सावलीत ओलं ठेवायला लाव आणि त्याच हंगामात परत बसवून घे. उताराला आडवे चर हवेत, पण त्यांचं पाणी कुठं सोडणार ते आधी ठरव. बाहेरचं गवताचं बी आणू नकोस.

आता पाणी. एक हेक्टर उतारावर फूटभर कृत्रिम बर्फ अंथरायला साधारण दहा लाख लिटर पाणी लागतं. आणि ते लागतं ऐन थंडीत, ओढे सगळ्यात बारीक झालेले असताना. कासच्या तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलीला हे वेगळं सांगायला नको. त्या ओढ्यावर खाली कोणतं गाव जगतं, हे गावात जाऊन विचार. जिथं बर्फ टिकतच नाही असा खालचा, उन्हाकडचा उतार आराखड्यात असेल, तर तो वगळायलाच सांग. असलेल्या उतारांवरच भागतं का, हेही न लाजता विचार.

खांबाचा पाया किती जागा घेतो एवढ्यावर परिणाम मोजू नकोस. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले होते, त्यामुळे सरडे वाढले, आणि त्यांची भीतीही कमी झाली होती. पात्यांनी सरड्याला हातही लावला नव्हता! रोपवेच्या तारांवर पक्षी आदळतात, हे युरोपात नोंदलेलं आहे. तारांना ठळक खुणा लावायचा खर्च फारसा नाही, तो अंदाजपत्रकात आत्ताच घाल.

उत्तराखंडातल्या जोशीमठची जमीन का खचते हे पाहणाऱ्या मिश्रा समितीचा 1976 चा अहवाल मिळवून वाच. गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, तेव्हा उतारावरचे मोठे दगड खणून किंवा सुरुंगानं काढू नका, झाडं तोडू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले आणि तिथून औलीच्या स्कीइंगच्या उतारांकडे जाणारा रोपवे बंद ठेवावा लागला. कारणांवर वाद घालणारे घालतील. तू मात्र दगड हलवायच्या प्रत्येक प्रस्तावाला भूवैज्ञानिकाची सही माग.

एक गोष्ट तुला नक्की ऐकवतील: नुकसान झालं तर दुसरीकडे दुप्पट झाडं लावू. बुग्याळाच्या बदल्यात रोपं ही भरपाई नव्हे. आधी टाळायचं, टळत नसेल तर कमी करायचं, आणि डागडुजी सगळ्यात शेवटी. हा क्रम बैठकीत कोणी उलटा केला, तर तुझा विरोध इतिवृत्तात लिहून घे. तोंडी विरोध नंतर कोणाला आठवत नाही, आणि तू नवीन आहेस.

बर्फ वितळला की जूनमध्ये सगळा पट्टा पायी फीर. बरोबर तिथला एखादा मेंढपाळ घे. झरे, ओल, घरटी, जनावरांच्या वाटा नकाशावर टाक आणि तिथं लाल रंग भर, आखणी त्यानंतर होऊ दे. आखणी आधी झाली असेल तर ती बदलायला लाव. नकाशा झाला की मला पाठव, झऱ्यांपासून किती अंतर सोडायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझे
सर